विकलोच्या डोंगरात तांब्याची गोळी

१५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. हजर: मी, नवरा अविनाश, माझे सासरे नाना, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम कोल्हापूर, सध्या तीन महिने आमच्याकडे आयर्लंडला, सँडीफोर्डमध्ये, यजमान डोनल आणि त्याची बायको नोरा, त्यांची काळी कुत्री टेस. गैरहजर: आमची मुलगी ईशा. हरणाच्या शिकारीला जायचंय म्हटल्यावर तिने फक्त "नो वे, आई" एवढंच म्हटलं आणि मैत्रिणीकडे राहायला गेली.

सामान बुधवारीच काढून ठेवलं होतं. तीन रेनकोट, जाड मोजे प्रत्येकी दोन जोड, नानांच्या गोळ्या, थर्मास, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, कानात घालायचे बोळे, आणि रस्त्यावर काम करणारी माणसं घालतात तसली भडक नारिंगी जाकिटं, चार. रायफल अविनाशने डिकीत वेगळी, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दट्ट्या, काढून, आणि काडतुसं कुलपाच्या डबीत वेगळी. त्याची मी दोनदा खात्री केली.

जे कधी शिकारीला गेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. इथे हरणं फार झाली आहेत. त्यांना खाणारा लांडगा कधीच संपला. लावलेली रोपटी, पेरलेलं गवत, सगळं ती खातात. म्हणून परवाना असलेले लोक ठरलेल्या मोसमात, शेतमालकाच्या परवानगीने त्यांची शिकार करतात आणि मटण खातात. अविनाश कंपनीत कोड लिहितो, पण गेली दोन वर्षं त्याला या रायफलचं वेड लागलंय. क्लबात त्याची डोनलशी ओळख झाली. डोनलचं शेत विकलोच्या डोंगरात, आमच्या घरापासून तासाभरावर. अविनाशचं हे पहिलं हरीण असणार होतं.

मी का गेले? कारण गोळी मी निवडली होती.

ते असं. नेहमीच्या गोळीत शिसं असतं. ती जनावरात शिरली की फुटते, पसरते, आणि शिशाचे बारीक कण मटणात राहू शकतात. मी औषधाच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. औषधात शिसं नाही ना, हे तपासण्यातच माझं आयुष्य चाललंय. मी अविनाशला स्वच्छ सांगितलं, शिशाची गोळी लागलेलं मटण माझ्या कुकरमध्ये जाणार नाही. तेव्हा त्याने तांब्याच्या गोळ्या मागवल्या. तांब्याची गोळी फुटत नाही, तिचं टोक फुलासारखं उघडतं आणि बाकीची अख्खी आरपार जाते. महाग आहे, पण मटण स्वच्छ.

डोनलच्या दरीत उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि प्रकाश जवळपास संपला होता. दोन्ही बाजूंना काळी सूचिपर्णी झाडं, मध्ये एक अरुंद रस्ता, मोबाईलला रेंज नाही. नोराने दार उघडून आत घेतलं, सूप दिलं, "कप प्रेसमध्ये आहेत" म्हणाली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. नानांनी तेवढ्यात तिच्या सोडा घातलेल्या तपकिरी पावाला चटणी लावून तिलाच खायला दिली. ती खोकली, पाणी प्यायली आणि आणखी मागितली.

सामान आणायला मी बाहेर गेले आणि झाडीतून किंकाळी आली. बाईची. लांब, वर चढत गेलेली, मग मध्येच तुटलेली. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मसाल्याची बरणी फुटली नाही हे नशीब.

"सिका जातीच्या हरणाचा नर," डोनल दारातून म्हणाला. "माजाचे दिवस आहेत, असाच ओरडतो. ग्रँड, घाबरू नकोस."

ग्रँड म्हणजे इथे 'सगळं ठीक'. मी घाबरले नाही असं म्हणाले. रात्री खिडकीची कडी मात्र तपासली.

शनिवार, सकाळ. रेंजवर

गोळी बदलली की रायफल पुन्हा तपासावी लागते. तीच रायफल, तोच नेम, पण वेगळ्या गोळीचं भोक कागदावर वेगळ्या जागी पडतं. आमच्या कारखान्यात कच्चा माल बदलला की सगळ्या चाचण्या पुन्हा होतात, तसंच. अविनाशला हे मनात मान्य होतं, पण कंटाळा होता. मी म्हटलं, रेंजवर गेल्याशिवाय डोंगरात जायचं नाही.

रेंज म्हणजे एका जुन्या खाणीत बांधलेली, नेमबाजीच्या परवान्याची जागा. थंडीने बोटं वाकत नव्हती. अविनाश पालथा झोपून नेम धरत होता. तांब्याच्या गोळ्या खरंच खाली आणि डावीकडे लागत होत्या. रायफलवरच्या दुर्बिणीच्या चकत्या फिरवून त्याने त्या मधोमध आणल्या. मी समाधानाने मान हलवली.

मग डोनलने रेंजवाल्याला विचारून दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरले आणि एकामागे एक लावले. आधी शिशाची गोळी. पहिले दोन कॅन फाटले, गोळी तिसऱ्यात सापडली: चपटी, वेडीवाकडी, कडा तुटलेल्या. मग तांब्याची. तिने त्याच्याही पुढचे कॅन भेदले. सापडली तेव्हा तिला चार पाकळ्या फुटल्या होत्या, आणि मागचा दांडा जसाच्या तसा.

नानांनी ती तळहातावर घेतली. "आगं, ही तर लवंग हाय. फुललेली."

"बॉसला आवडली का?" डोनलने मला विचारलं. पहिल्या संध्याकाळपासून तो नानांना बॉस म्हणत होता. नाना त्याला दोनू म्हणत होते.

"दोनूला सांग," नाना म्हणाले, "मसाल्यात घालाय ठेवतो म्हनावं." आणि गोळी खिशात टाकली.

डोनल हसला, पण अविनाशकडे वळून बोलला ते हसण्यासारखं नव्हतं. "हे बघ. तांबं चांगलं आहे. वेगात असेल तर नीट उघडतं. फार लांबून मारलंस, वेग कमी झाला, तर उघडणार नाही, हरीण जखमी होऊन पळेल आणि दोन दिवस मरत राहील. म्हणून जवळून. दुसरं, शिशाची गोळीही दगडावरून उडते, पण तिचे बहुतेक तुकडे होतात. ही अख्खी राहते. अख्खी उडते. म्हणून हरणाच्या मागे माती पाहिजे, गोळी रुतायला. मऊ, उभी, ओली माती. मागे आभाळ असेल तर शिंगांकडे नुसतं बघायचं."

मी हे सगळं लक्षात ठेवलं. अंतर, वेग, माती. कारखान्यात मी पुरवठादारांना जे प्रश्न विचारते ते सगळे डोनलला विचारले, आणि त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. गोळीबद्दल आता मला काही शंका उरली नव्हती.

शनिवार, दुपार. दरीच्या वरच्या अंगाला

नाना घरी थांबणार होते. जेवणानंतर म्हणाले, "मी बी येतो की. गाडीतच बसतो."

अविनाशने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग मी म्हटलं, "चला ना, नाना. गाडीत निवांत बसा. थर्मास ठेवते."

हेच ते वाक्य. यापेक्षा जास्त मी काही म्हणाले नाही. गाडीतून उतरायचं नाही, काहीही झालं तरी दार उघडायचं नाही, असं मी ईशाला म्हटलं असतं. डोनलला तोंडावर म्हटलं असतं. सासऱ्यांना अशी ताकीद द्यायला माझी जीभ उचलली नाही, आणि वडिलांना द्यायला अविनाशची. गाडी शेताच्या कच्च्या वाटेवर, टेकाडाच्या आड लावली. मी नारिंगी जाकीट नानांच्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये घालून मी काय रस्त्याचं काम करतोय व्हय?" असं म्हणत त्यांनी ते घडी करून बाजूच्या सीटवर ठेवलं. अंगावर त्यांची तपकिरी शाल होती, डोक्याला तपकिरी माकडटोपी.

"बॉसला माहीत आहे ना, इथेच थांबायचंय?" डोनलने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "सांगितलंय."

झाडीच्या कडेने आम्ही तिघं वर चढलो. टेस डोनलच्या टाचेशी. नोव्हेंबरात इथलं नेचं, म्हणजे फर्नचं रान, वाळून तांबूस तपकिरी होतं आणि कमरेएवढं उभं राहतं. अख्खी उतरण त्या एका रंगाची. खाली पाणथळ, पाऊल टाकलं की बुटाच्या वर थंडगार चिखल. वारा समोरून येतोय, म्हणजे आमचा वास हरणाला जाणार नाही, असं मला वाटलं. प्रत्यक्षात दरीत तो फिरत होता. एका बांधाआड आम्ही पालथे झालो. खूप वेळ काही नाही. माझे दात वाजत होते आणि ते हरणाला ऐकू जातील अशी मला भीती.

मग समोरच्या नेच्यातला एक तुकडा हलला आणि त्याला डोकं आलं. कोवळ्या शिंगांचा नर. तो खाली उतरला, आडवा उभा राहिला. त्याच्या मागे नेच्याने भरलेला उभा चढ. डोनल दुर्बिणीतून फार वेळ बघत होता. शेवटी पुटपुटला, "माती आहे. घे."

बार झाला. नर एकदा उसळला, चार ढांगा गेला आणि नेच्यात नाहीसा झाला. आणि त्याच्याच पाठोपाठ आणखी एक आवाज आला. आधी 'टण्ण', मग एक बारीक, थरथरता सूर, डावीकडे लांब लांब जाणारा. वाजणारी तार कुणी ओढत नेल्यासारखा.

मला वाटलं, आवाजाचा पडसाद असेल.

डोनलने अविनाशच्या खांद्यावर हात ठेवला. "बोल्ट उघड. रिकामी कर. खाली ठेव." त्याचा आवाज अगदी सपाट होता. तो हरणाकडे बघत नव्हता. डावीकडे बघत होता, जिथे टेकाडाच्या मागे कच्ची वाट होती.

"नेच्याखाली दगड होता," तो म्हणाला. "मला दिसला नाही. गाडी कुठल्या बाजूला आहे?"

ते त्यालाही माहीत होतं.

कसे उतरलो ते सांगता येणार नाही. मी दोनदा गुडघ्यापर्यंत रुतले. टेकाडावरून गाडीचं छत दिसलं, मग काचा. काचा शाबूत होत्या. देवा, शाबूत होत्या. मी दार उघडलं.

गाडी रिकामी होती. नारिंगी जाकीट घडी केलेलं तसंच. मोबाईल डॅशबोर्डवर. थर्मास होता, त्याचं झाकण नव्हतं.

"नाना!" अविनाश ओरडला. मग "बाबा!" म्हणून ओरडला. लहानपणी तो त्यांना बाबा म्हणायचा, हे मी फक्त ऐकलं होतं.

त्याने गाडीखालीही वाकून बघितलं.

"तू वाटेने खाली," डोनल मला म्हणाला. "अविनाश, तू कुंपणाच्या कडेने. मी वर." दिशा वाटून देताना त्याचे ओठ पांढरे पडले होते.

आता मी त्या उतरणीकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलंय. सगळं तपकिरी होतं. नेचं तपकिरी, शाल तपकिरी, टोपी तपकिरी. जमिनीवरचा प्रत्येक उंचवटा म्हणजे नाना पडलेत असं वाटत होतं. एकाशी मी धावत गेले, तो गवताचा पुंजका निघाला. दुसरा कुजलेला ओंडका. तिसऱ्याच्या अलीकडेच मी थांबले, कारण तिथे थर्मासचं लाल झाकण पडलं होतं.

झाकण पालथं पडलेलं. शेजारी गवतावर चहा सांडलेला, पात्यांवर अजून त्याचे थेंब.

"नाना! नाना, ओ द्या!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. कोल्हापूरला कुणाला कसं कळवायचं, नणंदेला आधी की धाकट्या दिरांना, असले विचार एकामागोमाग एक यायला लागले. माझं डोकं असंच चालतं. तेव्हाही चालत होतं, आणि मला त्याची किळस आली.

तेवढ्यात टेस माझ्या शेजारून गेली. नाक खाली, शेपटी वर. पन्नासेक पावलांवर ग्रॅनाइटचा एक मोठा दगड होता, त्याला वळसा घालून ती मागे गेली आणि तिची शेपटी जोरजोरात हलताना दिसली. डोनल वरून धावत आला आणि तिच्यामागे दगडाआड गेला.

लगेच उलटा पाय टाकत बाहेर आला. एक हात वर केला होता. चेहरा लाल.

"ग्रँड," तो म्हणाला. "एकदम ग्रँड. माणसाला एक मिनिट द्या."

मी वाटेवरच बसले.

थोड्या वेळाने नाना दगडामागून आले, शालीखाली पायजम्याची नाडी बांधत. टेस त्यांच्या पायाशी.

"काय गं, येवढा आरडाओरडा?"

"नाना, आम्ही किती हाका मारतोय! ओ का नाही दिली?"

"ओ कशी देनार?" त्यांनी आवाज खाली घेतला. "बसलो हुतो न्हवं. आन हाका मारतीया कोन, तर सून. तसल्या वक्ताला ओ देत्यात व्हय?"

अविनाश कुंपणाकडून आला. वडिलांची शाल दोन्ही हातांनी धरून नुसता उभा राहिला.

"आरं आव्या, सोड की. शिकार झाली न्हवं? बार ऐकला मी." मग नानांना काहीतरी आठवलं. "वैशाली, येवढ्या थंडीत बी भुंगं असत्यात हितं?"

"काय?"

"भुंगा गं. बार झाला आन मागनं सूंऽऽ करून डोस्क्यावरनं गेला. केवढा मोठा असंल! दिसला न्हाई, पर आवाज असा... टोपी हालली माझी."

अविनाशने माझ्याकडे बघितलं. डोनलला मराठी येत नाही, पण नानांनी डोक्यावरून हात नेऊन दाखवलं होतं आणि तोंडाने आवाजही काढून दाखवला होता. तेवढं त्याला पुरलं.

"एक विचार त्यांना," तो मला हळूच म्हणाला. "ते उभे होते का?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे बसून करतात."

डोनलने दगडाच्या माथ्याकडे बघितलं. माणूस उभा असता तर त्याची छाती कुठे आली असती ते त्याने हाताने हवेत मापलं, आणि मग तोही ओल्या गवतात, माझ्या शेजारी, बसला. नाना टेसला कोल्हापुरीत समजावत होते की माणसाच्या मागं असं नाक घालत फिरू नये.

हरीण आणायला परत जावंच लागलं. ते पडल्या जागी मेलं होतं. डोनलने विजेरीच्या उजेडात ते उघडलं आणि गोळीची वाट मला दाखवली. आत जाताना छोटं भोक, दोन्ही फुप्फुसांतून सरळ रेषा, पलीकडे अंगठ्याएवढं भोक. मटण कुठेही रक्ताने खराब झालेलं नाही. गोळ्यांच्या डब्यावर छापलं होतं, अगदी तसं. मग त्याने मागच्या चढावरचं नेचं बाजूला केलं. खाली ग्रॅनाइटचा सपाट कातळ होता, शेवाळाने झाकलेला. त्यावर एक ताजा पांढरा ओरखडा, आणि ओरखड्याच्या कडेला तांब्याची बारीक लाली. मी बोट लावून बघितलं.

तो ओरखडा ज्या दिशेला होता त्या दिशेला मी मान वळवली. टेकाडाच्या पलीकडे तो मोठा दगड, वाट, आणि आमची गाडी.

रविवार. परतीचा दिवस

नानांनी हट्टाने नोराच्या स्वयंपाकघरात रस्सा केला. मसाला, खोबरं नाही म्हणून तीळ, आणि तिच्या प्रेसमध्ये सापडलेली दालचिनी. "आता लवंग पायजे," म्हणत खिशातून रेंजवरची ती गोळी काढून पातेल्यावर धरली तेव्हा नोरा हसली. मीही हसले. डोनलने तिकडे बघितलंच नाही. घासून घासून त्याने दोन वेळा पावाने ताट पुसलं. मला एक घासही गेला नाही. डोकं दुखतंय म्हणाले.

निघताना डोनलने माझा हात हातात घेतला. "माती बघितली होती मी," तो म्हणाला. "तीस वर्षं बघतोय."

"आणि मी 'सांगितलंय' म्हणाले होते. सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

गाडीत नाना पुढच्या सीटवर झोपून गेले. एका वळणावर त्यांची मान खिडकीकडे कलली आणि अविनाशने गाडी एकदम बाजूला घेतली. श्वास चालू आहे का ते बघितलं. मग पुन्हा निघालो. सँडीफोर्डचं लुआस ट्रामचं स्टेशन आणि ऑफिसांच्या काचा दिसल्या तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"आत्ता नको सांगायला. बीपी आहे त्यांना."

"तिकडे गेल्यावर सांगू," मी म्हणाले.

डिसेंबरात नाना कोल्हापूरला गेले. गोळी घेऊन. विमानतळावर अडवतील म्हणून मी ती काढून ठेवली होती, तर ती त्यांनी माझ्याकडून मागून घेतली, आणि आश्चर्य म्हणजे कुणी अडवलं नाही. तिकडे सकाळी फिरायला जमणाऱ्या मंडळींना ते ती दाखवतात. आयर्लंडची गोष्ट सांगताना शिकार एका वाक्यात संपते. मग भुंगा येतो. ऐन थंडीत, डोस्क्यावरनं, टोपी हलवून गेलेला. त्यांच्यातले एक शेतकी कॉलेजात होते, त्यांचा यावर विश्वास बसत नाही. नोव्हेंबरात भुंगा असणं शक्य नाही म्हणतात. नानांना हे फार लागलंय.

अविनाशने रायफल पुन्हा रेंजवर तपासून आणली आणि तिजोरीत ठेवली. त्यानंतर बाहेर काढलेली नाही. फ्रीजरमधलं मटण ईशाच्या मैत्रिणीकडे दिलं. नारिंगी जाकिटं धुऊन डिकीतच ठेवली आहेत, पाच, एक जास्तीचं. नानांसाठी लाल शाल घेऊन कुरिअरने पाठवली.

दर रविवारी फोन असतो. तब्येत, पाऊस, ईशाची परीक्षा, सगळं झालं की नाना ठेवता ठेवता थांबतात.

"वैशाली, त्या भुंग्याचं नाव गावलं का गं? तू तिथली हाईस, कुनाला तरी इचार की."

"बघते, नाना," मी म्हणते.

तेवढं एक काम राहिलंय.